उंबरमाळचे एकतीस अंगठे

बुधाची तक्रार तुम्ही उंबऱ्याबाहेर ठेवलीत आणि तिची नक्कल मात्र त्याच सरकारच्या हातात दिलीत, ज्याच्या शिपायांनी बुधाला नेलं. हे तुम्ही केलंत. तुमचं नाव इथे लिहीत नाही. कागदावर नाव लिहिल्यानं काय होतं, ते मी आता शिकलोय. आमच्याकडे तुम्हाला 'जगाची कचेरी' म्हणतात, तेवढं पुरे.

तुमचा गुन्हा दोन ओळींत संपला. माझा सांगायला पुढची सगळी पानं लागणार आहेत.

मी महिपती. कामशेतवरून पवनेच्या अंगाला गेलं की आमचं गाव लागतं. घरची भातखाचरं आहेत, चुलतभाऊ दत्तोबा पोलीस पाटील आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. लोणावळ्यात मुंबईच्या एका बॅरिस्टरसाहेबांचा बंगला आहे, तिथं मी माळी. साहेब मे महिन्यात येतात आणि दिवाळीला येतात. एरवी बंगला, बाग आणि साहेबांची रद्दी माझ्या ताब्यात. इंग्रजी मी त्या रद्दीतून शिकलो. डिक्शनरीही रद्दीतलीच, 'एस'च्या पुढची पानं वाळवीनं खाल्लेली. त्यामुळे एसच्या पुढचं सगळं इंग्रजी मी आजही अंदाजानं वाचतो. पण वाचतो, याचा मला केवढा तोरा होता! गावात चावडीवर बसून मी इंग्रजी पेपर उघडायचो, लोकांनी बघावं म्हणून.

बाहत्तरच्या पावसाळ्यात त्या रद्दीत एक पत्रक सापडलं. कुणाही सरकारनं माणसावर जुलूम केला, तर जगाच्या कचेरीकडे तक्रार कशी करायची, कुठली तक्रार ती आत घेते आणि कुठली नाही, याचे नियम त्यात होते. मी ते उशाखाली ठेवलं. एखाद्याला बंदूक सापडावी, तसं मला झालं होतं. आता फक्त कुणावर तरी जुलूम व्हायची खोटी होती. असं मनात आलं होतं माझ्या. लिहितानाही लाज वाटते, पण आलं होतं.

जुलूम झाला तो बुधावर.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला उंबरमाळ ही ठाकरांची वाडी आहे, एकोणीस घरांची. त्र्याहत्तरच्या फाल्गुनात बुधा ऐनाच्या फांद्या तोडत होता, राबासाठी. जमिनीवर फांद्या-पाला पसरून भाजला नाही, तर तिथं नाचणीचं रोप धरत नाही. मावळात हे लहान पोरालाही ठाऊक आहे. जंगलखात्याच्या नव्या गार्डाला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, ही बाजू आता बंद. बुधा म्हणाला, माझ्या बानं हितंच तोडलं. गार्ड दोन शिपाई घेऊन आला आणि बुधाला कोयत्यासकट पोलीस चौकीवर घेऊन गेला. म्हाताऱ्या गेणूनं हे डोळ्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी बुधाची बायको सावित्राबाई भाकरी घेऊन चौकीवर गेली. फौजदार म्हणाला, "त्याला कालच सोडला. गेला असंल कोकणात कोळशाच्या भट्टीवर."

सावित्राबाई माझ्याकडे आली ती भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं घेऊन. "भाऊ," ती म्हणाली, "चिंगीचा बा सुटला म्हंत्यात, पन त्यांचा कोयता चौकीच्या खिडकीत हाय. म्या बघितला. मूठ म्याच बांधलीया सुतळीनं."

ठाकर माणूस कमरेच्या आकडीत कोयता नसताना घराबाहेर पडत नाही. तो कोकणात जाईल आणि कोयता फौजदाराच्या खिडकीत ठेवून जाईल? शक्य नाही. सगळा पुरावा त्या एका कोयत्यात होता. सावित्राबाईनं तो मला पहिल्याच वाक्यात दिला.

मी म्हणालो, "काळजी करू नका. मी जगाला लिहितो."

चौकीत मी एकदा गेलो, फौजदाराशी मोठ्यानं बोललो आणि बाहेर आलो. मामलेदाराकडे गेलो नाही. कोर्टात गेलो नाही. बॅरिस्टरसाहेबांना दर आठवड्याला माझं एक कार्ड जायचं: आंब्याला मोहर आला, गुलाबाला कीड लागली, पंप दुरुस्त केला. त्या कार्डांत बुधाबद्दल एक ओळ नाही. का नाही? कारण साहेबांनी सगळं आपल्या हातात घेतलं असतं आणि मी माळी तो माळीच राहिलो असतो. मला माझं इंग्रजी समुद्रापलीकडे पाठवायचं होतं.

अडीच पानं लिहिली. आठ दिवस लागले. मग एका रविवारी वाडीत गेलो, शाईचा पॅड घेऊन. पत्रकात म्हटलं होतं की तक्रार करणारा एकतर स्वतः भोगलेला पाहिजे किंवा त्याला पक्की, सरळ माहिती पाहिजे. म्हणजे दोन अंगठे पुरे होते, सावित्राबाईचा आणि गेणूचा. पण उंबरमाळची एक रीत आहे. लग्न ठरवायचं असो, शिकारीचे वाटे घालायचे असोत की गाव सोडायचं असो, एकट्यानं काही करायचं नाही. करायचं तर सगळ्यांनी. सावित्राबाईनं अंगठा पुढे केला आणि मागे रांगच लागली.

गेणू म्हणाला, "म्हैपतीभाऊ, ह्यो कागद जायाचा कुटं?"

"जिनिव्हाला."

"पुन्याच्या पल्याड का?"

"समुद्राच्या पल्याड."

"मंग तितं आपल्या बुधाला कोन वळखनार?"

बुधाची आई भागूबाई म्हणाली, "आरं येड्या, तितं फौजदाराला तरी कोन वळखतंय? म्हून तर लिवायचं! हितं समदे त्येलाच वळखत्यात." लोक हसले. मीही हसलो.

बुधाचा धाकटा भाऊ शिदू मात्र हसला नाही. अंगठ्याची शाई गवताला पुसत त्यानं विचारलं, "आन आमची नावं? ती कोन कोन बघंल?"

हा एकच प्रश्न त्या दिवशी विचारण्यासारखा होता आणि तो शिदूनं विचारला. उत्तर माझ्या खिशात होतं. पत्रकात स्वच्छ छापलं होतं: तक्रारीची नक्कल त्या त्या सरकारकडे जाते, पण तक्रार करणाऱ्याचं नाव झाकून ठेवतात; त्यानं स्वतःच 'हरकत नाही' असं लिहिलं तरच ते उघडं होतं. हे वाक्य मी वाचलं होतं. मला ते कळलंही होतं. आणि पत्राच्या शेवटी मीच लिहून ठेवलं होतं, खाली दोन रेघा मारून: 'आमची सर्वांची नावं खुशाल जाहीर करा. आम्ही भीत नाही.'

मी शिदूला म्हणालो, "नावाला काय भ्यायचं रे? चोरी केलीय का तू?"

मी एकतीस अंगठ्यांसमोर एकतीस नावं इंग्रजीत लिहिली, वळणदार. लोणावळ्याच्या पोस्टातून रजिस्टर केलं. पावती कितीतरी दिवस पाकिटात जपून ठेवली होती, बायकोचा फोटो ठेवावा तशी.

भीत नव्हतो तो मी. माझी खाचरं माझ्या नावावर, माझा भाऊ पोलीस पाटील, माझे मामे-चुलते चार गावांत. मला कोण हात लावणार होतं? 'आम्ही' हे मी कुणाला विचारून लिहिलं?

त्या मे महिन्यात साहेब आले नाहीत, इस्पितळात होते. आषाढात तुमचं कार्ड आलं. छापील. पत्र पोचलं, नियमाप्रमाणे बघू, नक्कल संबंधित सरकारकडे जाईल. मी ते घेऊन चिखलातून वाडीवर गेलो आणि आधी इंग्रजीत वाचून दाखवलं. इंग्रजीत! त्या माणसांना! मग मराठीत सांगितलं.

सावित्राबाई म्हणाली, "चिंगीच्या बाचं काय लिवलंय?"

"पत्र पोचलं म्हणून लिहिलंय."

"कागूद पोचला त्ये बरं झालं," ती म्हणाली. "मानूस कवा पोचंल?"

भागूबाईनं कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं. "कागूद जाड हाय," एवढंच म्हणाली आणि परत दिलं. नक्कल सरकारकडे जाणार, हे मी त्यांना सांगितलं नाही. मला त्याचा आनंदच झाला होता. थरथरू दे सरकार, असं म्हणालो होतो मनात.

दिवाळीला साहेब आले. काठी घेऊन चालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात चहा देताना मी पत्राची कच्ची प्रत आणि तुमचं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

साहेबांनी सगळं वाचलं. चष्मा काढला. "आधी कुठल्या कोर्टात गेला होतास?"

"कुठल्याच नाही, साहेब. इथली कोर्टं म्हणजे..."

"इथली कोर्टं कशी आहेत ते तू मला सांगू नकोस, चाळीस वर्षं मी तिथंच काढलीत. नियम काय आहे? आधी आपल्या घरातले सगळे दरवाजे ठोठावायचे. सगळे बंद निघाले, किंवा उघडायला वर्षानुवर्षं लागली, तरच जगाकडे जायचं. तू पहिलाच दरवाजा ठोठावला नाहीस. तिथला कारकून हे पहिल्या मिनिटात बघतो आणि कागद बाजूला ठेवतो."

"पण साहेब, माणूस गायब केलाय!"

"एक माणूस," साहेब म्हणाले. ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "ती कचेरी एका माणसासाठी बसलेली नाही. मोठे जुलूम, पुन्हा पुन्हा, ठरल्यासारखे, असं चित्र दिसलं तरच ती हलते. एक बुधा तिथं दिसतच नाही, महिपती. आणि हे काय?" त्यांनी पेन्सिल उचलली. "हिंस्र श्वापद. रक्तपिपासू. लांडग्यांचं राज्य."

"खरं आहे ते."

"असेल. पण शिव्यांनी भरलेली तक्रार ते घेत नाहीत. शिव्या काढून टाकल्यावर खाली काही उरलं, तर मात्र बघतात. चल, आपण बघू काय उरतं."

आणि साहेब एकेक ओळ खोडत गेले. फौजदारावरची विशेषणं गेली. सरकारवरचा दीड परिच्छेद गेला. फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर मी एक परिच्छेद लिहिला होता, तोही गेला. माझ्या शिक्षणाबद्दल सहा ओळी होत्या, त्या साहेबांनी वाचल्या, माझ्याकडे बघितलं आणि खोडल्या. पेन्सिल अडीच पानं चालत राहिली. शेवटी चार ओळी उरल्या. अडीच पानांत बुधा चार ओळींचा होता.

"तो पकडला गेला हे कळलं," साहेब म्हणाले. "सुटला नाही, हे कशावरून?"

"कोयत्यावरून, साहेब. त्याचा कोयता चौकीच्या खिडकीत..."

"कुठं लिहिलंय?"

मी प्रत उलटली. पहिलं पान, दुसरं, उरलेलं अर्धं. पुन्हा पहिलं. कोयता कुठंच नव्हता. फ्रान्स होता, कोयता नव्हता. सावित्राबाईनं पहिल्या वाक्यात दिलेली गोष्ट मी लिहिलीच नव्हती. कोयत्याला इंग्रजीत बरा शब्द मिळेना म्हणून मी ते मागे ठेवलं आणि पुढे विसरलो.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "महिपती, गुलाबाच्या किडीचं कार्ड मला तीन दिवसांत पोचलं होतं. हे लिहिलं असतंस, तर मी इस्पितळातून अर्ज टाकला असता. हायकोर्टात असा अर्ज असतो की माणूस आमच्यापुढे आणून उभा करा. एक पैसा घेतला नसता."

मी खोडलेली पानं गोळा करायला लागलो.

"अजूनही टाकू," ते म्हणाले. "त्याच्या बायकोचं प्रतिज्ञापत्र लागेल. कोयत्यासकट. आज लिहून देतो. उद्या तिचा अंगठा आण."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं कामशेत, तिथून चालत गाव. गावात शिरलो तर दत्तोबाच्या ओट्यासमोर जीप उभी. ओट्यावर फौजदार, पुढ्यात चहा आणि शेजारी जांभळ्या शाईचा पॅड.

"या या, महिपतराव," फौजदार म्हणाला. "तुमचंच वाचत होतो."

त्याच्या हातात माझं पत्र होतं. टाइप केलेलं, शिक्के मारलेलं. समुद्रापलीकडे जाऊन, दिल्ली-मुंबई करून ते माझ्या भावाच्या ओट्यावर आलं होतं.

"हिंस्र श्वापद म्हंजे मीच ना?" फौजदार हसत होता. "घरी वाचून दाखवलं, मंडळी लय हसली. म्हनली, सायबाच्या भाषेत तुमचं नाव गेलं. भाषा मात्र झकास हां तुमची!"

दत्तोबा खाली बघत म्हणाला, "म्हैपत्या, बस. च्या घे."

"त्या लोकांना काही..." मी म्हणालो.

"कुनाला काय केलं न्हाई. सकाळी वाडीवर जाऊन आलो, जबाब घेतले." त्यानं दुसरा कागद दाखवला. त्यावर अंगठेच अंगठे, अजून ताजे. "एकतीसच्या एकतीस. तुमचीच यादी घेऊन हजेरी लावली, लय सोयीची होती. एक नाव सुटलं न्हाई बघा. आभार तुमचे."

कागदावर लिहिलं होतं: महिपतीनं फसवून अंगठे घेतले, कागदात काय आहे ते आम्हाला माहीत नव्हतं, बुधा आपल्या मर्जीनं कोकणात गेला. कागदात काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं, एवढं तर खरंच होतं.

मला कुणी हात लावला नाही. शिवी दिली नाही. वहिनीनं कपबशी पुढे केली. आणि मी, ज्यानं जगाला लिहिलं होतं की आम्ही भीत नाही, त्या फौजदारासमोर बसून तो चहा प्यालो. पूर्ण प्यालो.

मग वाडीवर गेलो. गेणू दारात बसला होता. मला बघून त्यानं आपला जांभळा अंगठा धोतराच्या सोग्यात दडवला. त्यानं दडवावा! मी विचारायच्या आधीच तो बोलला, "पयल्यांदा शिदूला धरला. जिपीत घातला. म्हनले, अंगटा दे न्हाईतर चल भावाच्या वाटंनं. त्यानं दिला. मंग त्येला एकटा कसा पाडायचा, भाऊ? समद्यांनी दिलं."

जी रीत मला एकतीस अंगठे देऊन गेली, तीच फौजदाराला देऊन गेली.

सावित्राबाई घरामागे नाचणी झोडत होती. मी प्रतिज्ञापत्र काढलं. साहेबांचं म्हणणं सांगितलं, कोयत्याचंही सांगितलं. म्हणालो, "हे शेवटचं. सकाळचा अंगठा जबरदस्तीनं घेतला, असंही साहेब लिहितील."

"नावं टाकनार यात?"

"तुमचं टाकावं लागेल."

तिनं झोडणं थांबवलं नाही. "शिदू सकाळपासनं बोलला न्हाई. जेवला न्हाई. म्या अंगटा दिला की जीप त्येच्याकडं येनार, माज्याकडं न्हाई. एक गेला, भाऊ. दुसरा द्यायची न्हाई मी."

"आणि बुधा?"

मग मात्र ती थांबली. दांडका खाली ठेवून हात पुसले. मला वाटलं आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. पण तिनं विचारलं, अगदी कामाचं विचारावं तसं:

"भाऊ, तुमी शिकलेलं. माजा अंगटा एका कागदावर सांगतो की चिंगीच्या बाला नेला. दुसऱ्यावर सांगतो की त्ये आपल्या मनानं गेलं. तुमच्या त्या जगाच्या कचेरीत यातला खरा कुटला धरत्यात?"

मी प्रतिज्ञापत्राची घडी घातली आणि उतरलो. बॅरिस्टरसाहेबांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, ते माझं आणि त्यांचं.

आता हे मराठीत लिहितोय. विशेषणं खोडलीत. कोयता घातलाय. खाली एकच नाव आहे आणि ते माझं आहे. ते उघडं करायला माझी हरकत नाही, कारण माझ्या नावाला इथे चहा मिळतो. बाकी एकतीस नावं तुमच्या फायलीत आहेत, ती झाका. उशीर झालाय, तरी झाका. तुमच्या नियमात ही तक्रार बसत नाही, हे मला पाठ आहे. दरवाजे ठोठावले नाहीत, एकच माणूस आहे, पुरावा वेळेवर दिला नाही. सगळे दोष माझे आहेत, बुधाचा एकही नाही. तरी बाहेर राहिला तो बुधाच.

सावित्राबाईला मी उत्तर दिलेलं नाही. ते माझ्याकडे नाही. तुमच्याकडे दोन्ही कागद असतील, एक मी पाठवलेला आणि एक सरकारनं. दोन्ही समोर ठेवा, दोन्हींवरचा तिचा अंगठा बघा, आणि छापील कार्ड न पाठवता हातानं लिहून सांगा: यातला खरा कुठला धरलात?